पाय टाउनपासून ग्रँट्सपर्यंत परत रस्ताच आहे, चालू की गाडीला हात करू?

दगडफूल

मंडळी, न्यू मेक्सिकोतून लिहितेय. सीडीटी, म्हणजे कॉन्टिनेंटल डिव्हाइड ट्रेल, सेक्शन सेक्शन करत चाललेय. मेक्सिकोच्या बॉर्डरवरच्या क्रेझी कुकपासून सुरुवात केली होती, या सुट्टीत ग्रँट्स गाठायचं ठरवलंय. काल संध्याकाळी पाय टाउनला पोचले आणि आता टोस्टर हाउसच्या ओट्यावर पाय वर करून बसलेय (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे हायकर आणि सायकलवाल्यांसाठी उघडं ठेवलेलं जुनं घर आहे, गेटवर खरोखरचे जुने टोस्टर टांगलेत).

कालचा दिवस सांगते म्हणजे प्रश्न कळेल. डोंगरातली झाडी संपली आणि पुढे पाय टाउनपर्यंत कच्चा रस्ता, सरळ, म्हणजे इतका सरळ की लांबून येणारी गाडी आधी धुळीचा लोट म्हणून दिसते आणि मग कितीतरी वेळाने गाडी म्हणून. दोन्ही बाजूंना काटेरी तार. झाडं आहेत, पिन्यॉन आणि जुनिपर, सावली पण बरी पडते, पण सगळी तारेच्या पलीकडे रँचच्या जमिनीत, आपण बसायचं ते रस्त्याच्या कडेला दगडावर. हवा गरम नव्हती हं, पाय टाउन जवळजवळ ७,८०० फुटांवर आहे, रात्री बाटलीतल्या पाण्यावर बर्फाची साय येते, पण दुपारचं ऊन नुसतं भाजतं आणि वारा सकाळी दहाला जो सुरू होतो तो सूर्य बुडेपर्यंत थांबत नाही. चंदेरी छत्री आणली होती मोठ्या हौसेने, ती पहिल्याच तासात उलटी झाली. पाणी एका पवनचक्कीच्या टाकीतलं, गाईंच्या शेजारी उभं राहून भरलं, फिल्टर करून सुद्धा चव आली ती आलीच.

आणि गंमत म्हणजे दमायला झालं ते चढामुळे नाहीच, चढ नव्हताच! गिला नदीच्या दरीत दिवसभर नदी ओलांडत होते तेव्हा संध्याकाळी अंग दुखायचं पण डोकं मस्त असायचं. काल उलटं. दुपारी दोननंतर दर पाच मिनिटांनी मोबाइल काढून किती मैल झाले बघत होते, आणि दर वेळी आकडा तेवढाच. एका पिकअपवाल्या आजोबांनी थांबून थंड पाण्याची बाटली दिली, बसतेस का मागे म्हणाले, मी नको म्हटलं आणि पुढचा अर्धा तास का नको म्हटलं याचा विचार करत चालले.

तर प्रश्न असा की पुढे ग्रँट्सपर्यंत परत बराचसा रस्ताच आहे, आधी कच्चा आणि मग हायवे ११७ चं डांबर. हे सगळं चालण्यात काही अर्थ आहे का? की सरळ लिफ्ट घेऊन ग्रँट्सला जाऊ आणि वाचलेले दिवस माउंट टेलरला देऊ? आणि चालायचंच तर पायांचं काय करू, तळवे पेटलेत नुसते.

उनाड_पप्या

लिफ्ट घे. विषय संपला. सुट्टी तुझी, पाय तुझे, तुला कोण सर्टिफिकेट देणारे? मी पीसीटीचा, म्हणजे पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलचा, लॉस एंजेलिस अ‍ॅक्विडक्टवाला पट्टा चाललोय, हायकरटाउनच्या पुढे मोजावे वाळवंटात पाण्याच्या पाइपवरून आणि काँक्रीटच्या झाकणावरून चालायचं, खाली अख्ख्या लॉस एंजेलिसचं पाणी वाहतंय आणि वर तुझ्या बाटलीत तळाला दोन घोट. लोक तो रात्री चालतात. मी पण रात्री चाललो, आणि इमानदारीत सांगतो, मला त्यातलं फक्त झोप येत होती एवढंच आठवतं. त्या आजोबांच्या पिकअपमध्ये बसायला हवं होतंस.

शून्य_मैल

पप्या, असं सरसकट नको सांगू रे. सीडीटी ही काही सह्याद्रीतल्या घाटवाटेसारखी पूर्वापार एकच्या एक वाट नाहीये, १९७८ साली अमेरिकन काँग्रेसने कायद्याने तिला नॅशनल सीनिक ट्रेल म्हणून मान्यता दिली आणि मग कुठे सरकारी जमीन, कुठे जुनी जंगलवाट, कुठे रँचमधून परवानगी असं जोडत जोडत ती उभी राहिली. जिथे खासगी जमीन मध्ये आली आणि मालक नाही म्हणाला तिथे रस्ता. म्हणजे रस्ता हा ट्रेलचाच भाग आहे, त्याला भोक समजून उडी मारायची तर मग न्यू मेक्सिकोत उडीच मारत बसावं लागेल. सिल्व्हर सिटीत शिरताना पण हायवे ९० ची कड धरून चालावं लागतंच की, तिथे नव्हता का हा प्रश्न पडला?

माझं तर म्हणणं असं की हा प्रदेश असाच बघायचा असतो. या भागातले लोक रस्त्यावर जगतात, शेजारी वीस मैलांवर, पोस्ट ऑफिस म्हणजे गाव. रसेल लीने १९४० साली याच पाय टाउनचे फोटो काढले होते, दुष्काळाला कंटाळून आलेली शेतकरी कुटुंबं, लाकडी घरं, सामुदायिक जेवणं, मिळाले तर बघ एकदा आणि मग त्याच मातीतून चाल.

उनाड_पप्या

फोटो बघून तळपाय गार होतात का सर 😀

माळरान

दगडफूल ताई, मी हा पट्टा पूर्ण चाललोय, उत्तरेकडेच, त्यामुळे वादात न पडता रस्त्याचं सांगतो.

पाय टाउनहून निघाल्यावर पहिला दिवस-दीड दिवस कालच्यासारखाच कच्चा रस्ता, त्यात नवीन काही नाही, पाणी कमी, फारआउट या ट्रेलच्या अ‍ॅपवरच्या अगदी ताज्या कमेंट वाचून निघ कारण पवनचक्की आणि सोलर पंप आज चालू उद्या बंद असं असतं. मी तिथे चार-पाच लिटर घेऊन निघालो होतो आणि ते जास्त झालं असं एकदाही वाटलं नाही. हा तुकडा कंटाळवाणा आहे, उगाच गोड करून सांगत नाही.

पण ११७ ला लागलीस की गोष्ट वेगळी. डांबर आहे, मान्य, पण तुझ्या डाव्या हाताला एल मालपाइसचा काळा लाव्हा, मैलोन् मैल, जसा थिजला तसाच पडलाय, आणि उजव्या हाताला पिवळट वालुकाश्माचे सरळ कडे. नॅरोज म्हणतात त्या जागी लाव्हा अगदी कड्याच्या पायाशी येऊन थांबलाय आणि मध्ये जेमतेम रस्त्यापुरती जागा. पुढे ला व्हेंटाना, दगडाची नैसर्गिक कमान, न्यू मेक्सिकोतल्या सर्वात मोठ्यांपैकी एक, रस्त्यापासून थोडंसंच आत, दुपारी तिथे सावलीत पड. सकाळी लवकर कडे तांबूस होतात तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून फोटो काढत होतो, गाडी नव्हतीच. नंतर समोर माउंट टेलर दिसायला लागतो, ११,३०१ फूट, नवाहो लोकांच्या चार पवित्र डोंगरांपैकी दक्षिणेकडचा. हा रस्ता गाडीतून तासाभरात संपतो आणि काही कळत नाही, म्हणून मी म्हणेन ११७ चाल आणि लिफ्ट घ्यायचीच असेल तर आधीच्या कच्च्या तुकड्यात घे. उलटं करतात बरेच जण, डांबर दिसलं की अंगठा वर.

मुक्कामासाठी जो स्कीन म्हणून कँपग्राउंड आहे ११७ वरच, आय-४० या मोठ्या हायवेच्या अलीकडे अकराएक मैल, फुकट आहे पण पाणी नाही. पाणी त्याच्या थोडं पुढे रेंजर स्टेशनला मिळतं, मात्र उघडं आहे का ते निघण्याआधी फोन करून विचार, बंद दाराशी रिकामी बाटली घेऊन उभं राहण्यात मजा नाही.

दुसरा पर्याय चेन ऑफ क्रेटर्स, पश्चिमेकडून, ज्वालामुखीच्या शंकूंची रांग आहे, शांतता भरपूर, पण तो पण कच्चा रस्ताच आणि पाऊस झाला तर असा चिखल होतो की बूट उचलत नाही. तिसरा म्हणजे झुनी-अकोमा ट्रेल, ११७ वरून लाव्हा ओलांडून पलीकडे हायवे ५३ ला. झुनी आणि अकोमा या दोन पुएब्लोंमधली (पुएब्लो म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं गाव) फार जुनी वाट, एका बाजूने साडेसात मैल, आणि साडेसात ऐकून फसू नको, पार्क सर्व्हिसवालेच पाच ते सात तास धरा म्हणतात. वाट अशी नाहीच, दगडाच्या रचलेल्या ढिगाऱ्यावरून पुढचा ढिगारा शोधायचा. बुटाच्या तळव्याची किसणी होते. पेटलेल्या पायांनी तिकडे जाऊ नकोस एवढंच.

घोटा

पुण्यात फिजिओ आहे आणि दरवर्षी माउलींच्या पालखीच्या मुक्कामांवर पायांच्या सेवेला असतो, त्यामुळे रस्त्याने चालून आलेले पाय भरपूर हाताळलेत. पुणे ते सासवड हा टप्पा, तीसेक किलोमीटर आणि वर दिवे घाट, त्या संध्याकाळी आमच्याकडे जी रांग लागते ना त्यात डोंगर चढणारे तरणे पण असतात. त्यांना हेच कळत नाही की आम्ही राजगड-तोरणा एका दिवसात करतो, मग रस्त्याने का मोडलो.

कारण असं की डोंगरवाटेवर प्रत्येक पाऊल वेगळं पडतं. कधी टाच, कधी चवडा, कधी गुडघा जास्त वाकतो, काम वाटून घेतलं जातं. सपाट कडक रस्त्यावर तोच स्नायू, तोच सांधा, कातडीचा तोच रुपयाएवढा भाग, हजारो वेळा. त्यात पाय दुपारपर्यंत सुजतो, सकाळी बरोबर बसणारा बूट तीन वाजता घट्ट होतो, आत घाम, घामाने कातडी मऊ आणि मऊ कातडी घासली की फोड.

म्हणून दर तासा-दीड तासाला बस, बूट-मोजे दोन्ही काढ, पाय बॅगेवर वर ठेव, दहा मिनिटं पुरतात. मोजे बदल आणि ओले बॅगेला बाहेर लटकव, वाऱ्याचा तेवढा तरी उपयोग. लेस चवड्यापाशी सैल आणि घोट्यापाशी नीट. जिथे चटका लागतोय तिथे फोड यायच्या आधी टेप, फोड आल्यावर सगळेच लावतात. मोठा आणि दुखरा फोड असेल तर सुई निर्जंतुक करून कडेला टोचून पाणी काढ, वरची कातडी मात्र ओढून काढायची नाही, वारीत लोक हौसेने काढतात आणि मग आमच्याकडे येतात. पाऊल छोटं टाक, कडक जमिनीवर लांब ढांगा टाकल्या की टाच आपटते. काठ्यांना रबरी टोपणं असतील तर लाव. नुसतं पाणी ढोसू नको, मीठ-साखर पण जायला हवं, इलेक्ट्रालची पाकिटं असतील तर उत्तम.

आणि एक विचारायचंय, काल तू रस्त्याच्या कुठल्या बाजूने चाललीस? दिवसभर एकाच?

नारायणगावकर

थोडं अवांतर, पण दोन्ही पक्षांना मान्य होईल असा तिसरा मार्ग. एक दिवस चालणंच बंद ठेव आणि कुणाच्या तरी गाडीतून हायवे ६० ने पूर्वेला जा, डॅटिलच्या पुढे सॅन ऑगस्टिनच्या माळावर व्हीएलए आहे, व्हेरी लार्ज अ‍ॅरे, २५ मीटर व्यासाच्या २७ अँटेना, रुळांवर सरकतात, वाय आकारात मांडलेल्या. आमच्या खोडदच्या जीएमआरटीच्या डिश ४५ मीटरच्या आणि ३० आहेत, त्यामुळे गाववाला म्हणून माझी कॉलर ताठच, पण कामाच्या फ्रीक्वेन्सी वेगळ्या आहेत, तुलना करून भांडू नये. दोन्हीकडे माळ, कमी वस्ती आणि रेडिओचा गोंगाट कमी हे महत्त्वाचं. ज्या ओसाडपणाला तू काल कंटाळलीस ना त्याच्यासाठीच शास्त्रज्ञ तिथे आलेत 😀

दगडफूल

एवढे रिप्लाय! थँक्यू सगळ्यांना.

शून्य_मैल, सिल्व्हर सिटीच्या वेळी प्रश्न नाही पडला कारण शेवटी गरम जेवण आणि अंघोळ दिसत होती. इथे पण दिसत होती म्हणा. पाय टाउनला येऊन पाय (म्हणजे आत सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) खाल्ला नाही असं होणार नाही, पण मी पोचले तेव्हा दुकान बंद, आज सकाळी दोन तुकडे खाल्ले, एक सफरचंद-हिरवी मिरचीचा. मिरची त्यात शोभते, घरी सांगितलं तर आई हसेल. बाकी जेवणाचं म्हणाल तर टॉर्टियात शेंगदाण्याची चटणी गुंडाळून चाललंय, शेवटचं लोणच्याचं पाकीट जपून ठेवलंय, आणि पोस्टात माझा खोका आलाय त्यात मेतकूट आहे.

माळरान, ११७ चं वाचून एकदम मोह झाला. कच्चा सोडायचा आणि डांबर चालायचं हे डोक्यातच आलं नव्हतं.

घोटा, डाव्या बाजूने. दिवसभर. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून, इथे गाड्या उजवीकडून चालतात ना. का विचारलंत? उजव्या नडगीला आतल्या बाजूने दुखतंय खरं, मी लिहिलं नव्हतं कारण पायांपुढे ते किरकोळ वाटलं.

आणि अजून एक, डोक्याचं काय करता तुम्ही लोक? पॉडकास्ट संपले. गाणी नकोशी झाली.

शून्य_मैल

डोक्यासाठी: रस्त्याच्या दिवशी मैल बघायचेच नाहीत. मोबाइल बॅगेच्या वरच्या कप्प्यात, खिशात नाही. कुंपणाचे खांब मोजणारे लोक पण भेटलेत मला, मी त्यातला नाही. कानात काही घातलंस तर एकाच कानात घाल, मागून ट्रक येतो तेव्हा त्याच्या वाऱ्याने सुद्धा माणूस हलतो.

माळरान

आमच्याबरोबर एक साताऱ्याचे काका होते ते हरिपाठ म्हणत चालायचे, अख्खा, आणि परत पहिल्यापासून. आधी मला वाटलं वैताग येईल. पण चाल बसली की त्यांचा स्पीड दिवसभर एक, आम्ही सगळे संध्याकाळी त्यांच्या मागे. मला पाठ नव्हता म्हणून मी नुसता त्यांच्या काठीच्या आवाजावर चाललो.

बाकी ११७ ला पहाटे अंधारात निघणार असशील तर हेडलँप आणि पाठीवर काहीतरी चमकणारं लाव. दुपारी सावलीसाठी लोक रस्त्याखालच्या मोरीत बसतात, मी पण बसलोय, आत शिरण्याआधी काठी आपटून साप आहे का बघ आणि डोंगरावर ढग असतील तर अजिबात बसू नको.

घोटा

उजवी नडगी आतून, आणि तू डाव्या कडेने, हे जुळतंय म्हणून काळजी वाटतेय. रस्ता मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. डाव्या कडेने चाललीस की डावा पाय सतत खाली पडतो आणि उजवा उंचावर, तो आतल्या बाजूला कलतो, आणि त्याचा ताण नडगीच्या आतल्या कडेवर येतो. दिवसभर. कच्च्या रस्त्यावर गाडी दिसत नसेल तर मधोमध चालायचं, धूळ दिसली की कडेला. डांबरावर मात्र समोरून गाड्या येणारी बाजू सोडू नको, तिथे पायापेक्षा जीव मोठा, फक्त कडेचा जास्तीत जास्त सपाट भाग शोध.

आता हे कर. बसून नडगीच्या आतल्या कडेवरून बोट वरून खाली फिरव. दुखणं चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात पसरलेलं असेल, चालायला लागल्यावर थोडं कमी होत असेल, तर स्नायू-आवरणाचं दुखणं, एक-दोन दिवस विश्रांती, बर्फ, आणि मग कमी मैल. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाखाली मावेल एवढ्या जागी कळ येत असेल, रात्री झोपेत पण ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग डांबर पण नाही आणि कच्चा पण नाही. अशा वेळी सुरुवातीला एक्स-रे मध्ये काही दिसत नाही बऱ्याचदा, त्यामुळे एक्स-रे नॉर्मल आला म्हणून उड्या मारत निघायचं नाही, डॉक्टरला एमआरआयचं विचारायचं.

उनाड_पप्या

बघ, मी पहिल्याच रिप्लायला लिफ्ट म्हटलं होतं.

शून्य_मैल

नडगीचं असेल तर लिफ्टच. त्यात वाद नाही. ११७ कुठे पळून जात नाही.

दगडफूल

बोट फिरवून बघितलं. पट्टा आहे, साधारण चार बोटांचा, एका ठिकाणी टोचत नाहीये. रात्री ठणकलं का ते सांगता येत नाही, इतकी मेल्यासारखी झोपले होते. आज आणि उद्या इथेच थांबते. इथे एक सायकलवाली मुलगी आहे, तिचा नवरा गाडी घेऊन सामान पोचवत फिरतोय, ते उद्या व्हीएलए बघायला जाणार आहेत आणि मला येतेस का विचारलं, तर नारायणगावकर तुमचा नंबर लागला. परवा सकाळी परत बोट फिरवून बघते. कमी असेल तर त्यांच्याच गाडीने ११७ च्या तोंडाशी उतरते आणि तिथून हळूहळू, नसेल तर सरळ ग्रँट्सला डॉक्टरकडे.

घोटा

चालेल. परवा बघताना सकाळी उठल्या उठल्या बघ, पाय जमिनीवर टेकवायच्या आधी, आणि मग दहा-वीस पावलं टाकून परत. आज रात्री ठणका लागतो का तिकडे लक्ष ठेव. दोन्ही वेळचं इथे लिही, पुण्यात तेव्हा संध्याकाळ असेल, मी बघतो.

नारायणगावकर

आत जाताना मोबाइल बंद कर हं, अँटेनाला त्रास होतो. खोडदला पण आम्ही पाहुण्यांना हेच ओरडून सांगतो.